मामाची खोक

माझ्या आईला चित्र आवडलं नाही की ती "छान काढलंस गो" म्हणते. आवडलं की नावं ठेवते. हे कळायला मला फाइन आर्टची तीन वर्षं लागली, आणि कळलं तेही कॉलेजात नाही, मुरबाडच्या मास्तरांच्या दुकानात.

मामाचं पहिलं चित्र मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईच्या हट्टावरून काढलं. आईनं हात पदराला पुसले, कागद लांब धरला, जवळ धरला, "छान काढलंस" म्हणाली आणि कपाटात साड्यांच्या खाली घालून टाकला. दुसरं चित्र मी कॅनव्हासवर काढलं, म्हणजे साड्यांखाली जाणार नाही. ते तिनं भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. विचारलं तर म्हणे, धूळ बसंल. कप्पाळ माझं! धूळ बसू नये म्हणून चित्राला भिंतीकडे तोंड करून उभं करणारी बाई सगळ्या किन्हवलीत एकच असेल.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. आईचं माहेर धसईच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. माझ्या जन्माआधीच मामा काविळीनं गेला, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. पुढे एका पावसाळ्यात माहेरचं घर गळलं आणि फोटोंची ट्रंक भिजून त्यांचा नुसता लगदा झाला. आता त्याचा एकच फोटो उरलाय, तोही आमच्या घरी, आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमात. कानपिळीचा. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचं काहीतरी हातात पडल्याशिवाय सोडत नाही. फोटोग्राफरला अर्थातच नवरदेव महत्त्वाचा. त्यामुळे बाबांचा कळवळलेला चेहरा त्या फोटोत अगदी स्वच्छ आलाय, मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजता येईल. मामा त्यांच्या मागे अर्धा लपलेला. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी दिसते आणि तीही हललेली, कारण तो हसत होता. एक कान, एक भुवई, शर्टाची एक कॉलर. एवढाच माझा मामा.

एवढ्यावरून चेहरा काढायचा हट्ट आईनं का धरला, ते तिनं मला शेवटच्या वर्षाला सांगितलं. भाताला शेवटचं खत टाकून आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. आईला भाऊ नाही म्हणून भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतातच, त्यात नवल नाही. ती म्हणाली, "मी आदी त्याचं तोंड डोळ्यांपुढं आणते, मग चंद्राला ओवाळते. गेल्या साली आणाया बघितलं, आलाच नाय गो. नुसता चंद्रच दिसला."

हे ती ज्या आवाजात बोलली त्याच आवाजात पुढे म्हणाली की खताची रिकामी गोणी घे, पावसात भिजंल. मी गोणी घेतली. आईचं वय काही फार नाही, डोकं तल्लख आहे, गावातल्या कुणाचं लग्न कुठल्या साली झालं ते तिला विचारायला लोक येतात. आणि तिला स्वतःच्या भावाचा चेहरा आठवेना. यंदाच्या भाऊबिजेच्या आत मामा काढून द्यायचा, असं मी त्या बांधावर ठरवलं.

आधी सोपा मार्ग धरला. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, जुना फोटो घातला की नवा करून देतं. त्यानं मामाला घासूनपुसून, केस वळवून, दात चमकवून असा काही बाहेर काढला की आईनं विचारलं, "हा कोण? मोबाइलच्या दुकानात असतो काय?"

बाबा म्हणाले, "मुरबाडच्या मास्तरांकडं जा की. मेलेली माणसं तेच काढतात."

मला अपमान वाटला. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे मास्तरांचं दुकान आहे. एका हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर हा धंदा धरला. तालुक्यात कुणाचे आजोबा, कुणाची सासू गेली की घरचे फोटो घेऊन मास्तरांकडे येतात आणि महिन्याभरानं फ्रेम घेऊन जातात. अकरावीत असताना आम्ही मैत्रिणी त्या दुकानापुढे थांबून खिदळायचो. सगळ्या मेलेल्यांना गुलाबी गाल आणि मागे निळं आभाळ. शेतावर उन्हात रापून गेलेला म्हातारासुद्धा मास्तरांच्या हातून थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आल्यासारखा दिसायचा.

पण त्याच वर्षी कॉलेजनं एक प्रकल्प दिला होता. कुठल्याही एका चित्रकाराची कामाची पद्धत जवळून बघायची आणि तिच्यातून आपण काय घेतलं ते कामातून दाखवायचं. वर्गातल्या सगळ्यांनी मोठमोठे स्टुडिओ असलेले चित्रकार धरले. मी मास्तरांचं नाव दिलं. आमचे सर चष्म्यावरून माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा राग मला अजून येतो. खरं तर मी तरी कुठे आदरानं नाव दिलं होतं? एका दगडात दोन पक्षी, एवढाच हिशोब.

मास्तर म्हणजे बारीक, ताठ, पांढऱ्या फुल शर्टाचे. दिवसभर रंगात काम करून शर्टावर ठिपका नाही, हा त्यांचा मोठाच अभिमान. मी ओळख सांगितली तर म्हणाले, "मुंबईच्या कॉलेजात मॉडेल समोर बसवतात ना? बसलेला माणूस कोणीबी काढील. माझं मॉडेल उठून गेलेलं असतं." आणि स्वतःच हसले. नम्रपणा त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नाही. जिल्ह्यात माझ्यासारखा दुसरा नाही, हे वाक्य मी त्यांच्याकडून चहाइतक्या वेळा ऐकलंय.

सुट्टीच्या दिवशी मी किन्हवलीहून सरळगावमार्गे एसटीनं जायची आणि दुकानातल्या स्टुलावर बसायची. एके दिवशी धसईचं एक कुटुंब आलं. वडील गेलेले. दोन मुलगे आणि मोठी सून. फोटो काय, तर आधार कार्डावरचा. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते सांगायला नको. मास्तरांनी फोटो घेतला, नीट पाहिला आणि ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावून घेतला.

"कसे होते?" मास्तरांनी विचारलं.

"देवमाणूस," मोठा मुलगा म्हणाला.

"कुणाला दुखवलं नाय कधी," धाकटा म्हणाला.

"देवाचं चित्र कॅलेंडरवर मिळतं," मास्तर म्हणाले. "ओरडायचे कशावरून ते सांगा."

मेलेल्या बापाबद्दल वाईट कोण बोलणार? मास्तर पेन्सिलला टोक काढत बसले. शेवटी मागून सून म्हणाली, "चायला साखर कमी झाली ना, तर बोलायचे नायत. कप तसाच हातात धरायचे आणि असं बघायचे." आणि तिनं ते बघणं करून दाखवलं. हनुवटी खाली, डोळे वर, एक भुवई किंचित चढलेली. दोन्ही भाऊ एकदम हसले. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांची पेन्सिल तोवर कागदावर पळायला लागली होती. सुनेच्या चेहऱ्यावरून ते सासरा काढत होते. मग मोठ्याला म्हणाले, कान दाखव. धाकट्याला म्हणाले, टोपी काढ, कपाळ बघू.

पुढच्या खेपेला ती मंडळी कच्चं चित्र बघायला येणार होती. मी सकाळीच पोचले होते. चित्रात म्हाताऱ्याची मिशी छान वर वळलेली होती, आधार कार्डावर होती तशीच. मास्तरांनी खोडरबर घेतलं, ती मिशी पुसली आणि खाली पडलेली काढली. मला वाटलं, वयामुळे मास्तरांचं चुकलं असेल. मी सांगायला गेले तर म्हणाले, "गप बस."

माणसं आली. चित्रापुढे उभी राहिली. आणि धाकटा उसळलाच, "ओ मास्तर, अण्णांची मिशी अशी नव्हती ओ! वर होती, वर!" लगेच मोठा म्हणाला, आणि गाल एवढे भरलेले नव्हते. सून म्हणाली, मान जराशी डावीकडं असायची, त्या कानानं कमी ऐकू यायचं ना. नंतर त्यांना थांबवणं कठीण झालं. पहिल्या दिवशी "देवमाणूस" यापलीकडे ज्यांना शब्द सापडत नव्हता, तीच माणसं आता एकमेकांना खोटं पाडत वडील सांगत होती. मास्तर नुसते "असं? बरं. असं?" करत होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम चुकवलंत."

"मग? चेहरा सांगता येत नाय कुणाला, पोरी. पण चुकलेला चेहरा सगळ्यांना दुरुस्त करता येतो. आपल्या माणसाला बरोबर काय ते विचार, डोकं खाजवंल. चूक दाखव, सकाळची संध्याकाळ करंल." मग बोट वर करून म्हणाले, "पण चूक एकच ठेवायची. आणि तुला पक्की ठाऊक असलेली. उगा दोन-चार ठेवल्यास तर तुझ्या खऱ्या चुका कुठल्या आणि खोट्या कुठल्या, तुलाच कळणार नाय."

"आणि कुणी पकडलीच नाही तर?"

"पकडतात," मास्तर म्हणाले.

महिन्याभरानं ती फ्रेम तयार झाली. गाल गुलाबी, मागे निळं आभाळ, व्हायचं ते झालंच. चित्र म्हणून विचाराल तर वाईट, मी आजही वाईटच म्हणेन. पण सुनेनं फ्रेम बघितली आणि पटकन पदर डोक्यावर घेतला. सासरे समोर आल्यावर घ्यावा तसा. मी ते पाहिलं आणि माझ्या अकरावीतल्या खिदळण्याची मला चीड आली.

त्याच दिवशी मी मास्तरांपुढे मामाचा फोटो ठेवला आणि म्हटलं, हा काढा. त्यांनी फोटो पाहिला, आई एकटीच उरलीय का ते विचारलं, आणि फोटो माझ्याकडे सरकवला.

"मी काढणार नाय."

"का?"

"चार जण आले की त्यांत एक तरी भांडकुदळ असतो. त्याच्यावर माझा धंदा चालतो. एकटी बाई माझ्यापुढं आली की मान देते. काय काढीन त्याला छान म्हणंल आणि घरी नेऊन रडंल. तुझ्याशी ती भांडंल. तू काढ."

"माझ्या चित्रांनासुद्धा ती छानच म्हणते."

"कारण तू चित्रं दाखवतेस. चूक दाखव."

भाताची कापणी सुरू झाली होती. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी घरी येऊन ओटीवर बोर्ड मांडला. रंग नाही, नुसता कोळसा. फोटो मी मोबाइलवर मोठा करकरून शंभरदा पाहिला होता. डाव्या भुवईत मध्येच एक तिरकी फट दिसत होती, केस न उगवलेली. फोटोचा ओरखडा असावा असं मला वाटलं होतं, म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खोक गो. लहानपणी चिंचेवरून पडला होता. तुझ्या आईनंच हळद दाबून घरी आणलेला. लग्न झाल्यावर महिनाभर मला तेच सांगत होती." म्हणजे खोक खरी. आणि आईला पक्की माहीत असलेली. माझी मुद्दाम ठेवायची चूक ठरली. मी मामाची डावी भुवई अखंड काढली.

बाकीच्या चुका मुद्दाम करायची गरज नव्हती, त्या माझ्या हातून आपोआप होत होत्या.

पहिल्या दुपारी आई शेतावरून आली, विळा कुडाला अडकवला आणि बोर्डाकडे बघून "छान" म्हणाली. मी मास्तरांचा मार्ग धरला.

"आई, मामा फार गुणी होता ना?"

"गुणाचाच होता."

"तुला कधी रडवलं नसेल."

"रडवलं नाय? पहिल्या दिवाळीला मला न्यायला आला तो संध्याकाळी. मी सकाळपासून पिशवी भरून दारात बसलेली. वर म्हणतो कसा, भूक लागलीय. जेवला आणि तिथंच झोपला! शेवटची एसटी गेली."

"मग तू ओरडलीस?"

"ओरडून काय? त्याला हाक मारली की 'ओ' द्यायचाच नाय. नुसती हनवटी उचलायचा. अशी." आईनं हनुवटी उचलली. चेहऱ्यावर एक उर्मट, गोड भाव येऊन गेला. तो आईचा नव्हता. मी कोळसा उचलला. ती बोर्डाकडे बघून म्हणाली, "आणि हे काय, मान कशाला अशी घातलीस खाली? त्यानं जन्मात मान खाली घातली नाय."

तिनं माझं चित्र पहिल्यांदाच मोडीत काढलं होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच ती मान पुसून वर काढली.

मग रोजचं झालं. भाताचे भारे बांधून आई यायची, चहाचा कप घेऊन बोर्डासमोर बसायची आणि सुरू. कान असे चिकटलेले नव्हते, सुपासारखे होते. केसांना तेल लावायचा, एवढे उडते कुठले? गाल आत पाहिजेत, खायचा राक्षसासारखा पण अंगी लागायचं नाय. नाकापाशी मी अडले तर तिनं माझीच हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "हे काय इथं हाय की त्याचं नाक. उगा गावभर शोधतेस." बावीस वर्षं मी मामाचं नाक तोंडावर घेऊन फिरत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे करून मी ते काढलं. बाबासुद्धा येऊन बसायला लागले. कानपिळीत त्यानं टॉवेल-टोपी तर घेतलीच, वर हातातलं घड्याळ काढून घेतलं, हे गाऱ्हाणं त्यांनी इतक्या वर्षांनी पुन्हा मांडलं. आई म्हणाली, "बरं केलं. चालत होतं कुठं ते घड्याळ!"

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आई बोलता बोलता थांबली. बोर्डासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, इतकी वर्षं कुठं होतास?"

मला रडू आलं. बाबा उठून उगाच बैलाकडे गेले.

पण भुवई अखंडच होती. आईनं कान, गाल, केस, हनुवटी, कॉलरचं बटणसुद्धा दुरुस्त केलं होतं, आणि खोकेवर चकार शब्द काढला नव्हता. बाबा परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भुवया बरोबर आहेत ना?" ती म्हणाली, "हायत." बाबा बोलणार होते, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. नंतर गोठ्यात ते मला म्हणाले, "खोक राहिली ना गो?" मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जिनं स्वतःच्या हातानं हळद दाबली तिला ती खोक आठवत नसेल, तर मग हे बाकीचं काय होतं? मी काढलेल्या चेहऱ्यालाच ती भाऊ समजायला लागली असेल का? तसं असेल तर मी मामा परत आणला नव्हता, उरलासुरला होता तोही पुसून त्या जागी माझा बसवला होता. भीतीच वाटली मला. कुणाजवळ बोलायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाड गाठलं. मास्तर पणत्या रंगवत होते, दिवाळीत तेही करतात. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, पकडतात. आईनं नाही पकडली."

मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला. "किती दिवस झाले?"

"आठवडा होईल. मी आडून विचारलंसुद्धा."

"विचारलंस कशाला? चूक ठेवायची ती माणूस बोलता व्हावा म्हणून. बोलली ना ती? मग संपलं त्या चुकीचं काम. आता तू आईची परीक्षा घेतेस."

"मग सांगा काय करू."

"मला काय विचारतेस? भाऊ तिचा, चित्र तुझं," असं म्हणून ते पुन्हा पणत्यांकडे वळले. एरवी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत असणारा माणूस, आणि नेमकं हवं तेव्हा तोंडात मिठाची गुळणी. परतीच्या एसटीत सरळगाव येईपर्यंत मी त्यांना मनात शिव्या देत होते. प्रकल्पासाठी मी मुद्दाम ठेवलेल्या चुकीबद्दल जे लिहिलं ते इथपर्यंतच. पुढचं कॉलेजला सांगितलं नाही.

मी ठरवलं, भुवईत खोक दाखवायचीच. आई विसरली तर विसरली. निदान चित्र तरी खरं राहील, आणि पुढेमागे कधी ती बघेल तेव्हा भाऊ पुरा दिसेल. भाऊबिजेला दुपारी आई शेजारी गेली होती. मी बोर्ड ओटीवर घेतला आणि खोडरबराला टोक केलं. भुवईत एक तिरकी रेघ तर ओढायची, काही क्षणांचं काम. हात पुढे केला आणि मागून आईनं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"भुवईत जरा..."

"हात लावू नको तिथं."

"आई, तिथे..."

"खोक पाहिजे. मला काय ठाऊक नाय?" ती खाली बसली. "पहिल्या दिवशीच बघितलं मी."

इतक्या दिवसांचा जीवाला घोर आणि ही बाई पहिल्या दिवसापासून जाणून होती! मी चिडून म्हटलं, "मग सांगायचं नाहीस? कॉलरचं बटण सांगितलंस, आणि ही खोक नाही सांगितलीस?"

"बाकीचं तुला ठाऊक नव्हतं म्हणून सांगितलं. खोक तर फोटोतच दिसते." मग माझा हात सोडून ती चित्राकडे वळली. "रोज सकाळी उठले की बघते आणि म्हणते, अरे, तुझी खोक कुठाय? असं म्हटलं की लगेच चिंच आठवते. त्याची रक्तानं भरलेली बंडी आठवते. हळद दाबली तेव्हा मला केवढ्यांदा चावला होता ते आठवतं. तेवढ्यात येऊन जातो तो. सगळाच नीट काढलास तर मी त्याला काय म्हणू? नुसती बघत बसू? मग दोन वर्सांनी तोबी भिंतीवरचा फोटोच होईल."

मास्तरांची युक्ती आईला मी कधी सांगितली नव्हती. मी खोडरबर खिशात घातलं.

संध्याकाळी आईनं तबक केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. शेजारची काकू कुंपणापलीकडून म्हणाली, "फोटोला ओवाळू नको गो, मेलेल्या माणसाला ओवाळत नाय." आई म्हणाली, "फोटोला कोण ओवाळतोय?" चित्र तिनं घरातच राहू दिलं, तोंड घराकडे करून. धुळीचं नावही काढलं नाही. अंगणात येऊन ती पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. बीजेची कोर झाडांच्या वर जेमतेम वीतभर होती, थोड्याच वेळात जाणार. आईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलताना मला दिसले. मग डोळे उघडून तिनं तबक उचललं आणि चंद्राला ओवाळलं, तीनदा, सावकाश. अक्षता वर उडवल्या, त्या माझ्या डोक्यावर पडल्या.

"आला?" मी विचारलं.

"न येऊन जातो कुठं," आई म्हणाली. "हाक मारली तर मेल्यानं नुसती हनवटी उचलली."